तांब्याचा बंब आणि तिसरं बटण

मी जुना आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मग माझ्या अंगावरचे पोचे कुणी मोजत बसायला नको. पोचे पाच आहेत. तोटी एक, कड्या दोन, पोट भलं मोठं, आणि त्या पोटाच्या मधून आरपार गेलेली एक नळी. मित्रांनो, मी तांब्याचा बंब! तुमच्यापैकी निम्म्यांनी मला कधी पाहिलंच नसेल. उरलेल्यांनी पाहिलं असेल ते एखाद्या हॉटेलच्या दारात, डोक्यात खोटी फुलं खोचलेली असताना. म्हणून थोडक्यात सांगतो. पोटात पाणी भरायचं, मधल्या नळीत विस्तव घालायचा. धूर वरून जातो आणि तोटी सोडली की कढत पाणी येतं. झालं! एवढंच माझं काम. पण तेवढ्यावर मी एका घरातल्या तीन पिढ्यांना अंघोळी घातल्या आहेत.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीत झाला. जन्म कसला, नुसती ठोकाठोक! तांब्याचा पत्रा वळवून त्यावर हातोडीचे एकसारखे ठोके घालतात, त्याला मठारणं म्हणतात. प्रत्येक ठोक्याला पत्रा घट्ट होतो आणि अंगावर एक छोटी खळी पडते. माझा कारागीर ठोके मोजायचा. मध्येच शिंक आली की आकडा विसरायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा. त्यामुळे माझ्या अंगावर जरा जास्तच खळ्या आहेत. मला त्याचा अभिमान आहे.

मला विकत घेतलं भोरच्या जाईबाईंनी. एसटीच्या टपावर बसून मी भोरला गेलो. एसटी स्टँडच्या मागे त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्या पहाटे उठायच्या, माझ्या पोटात बादल्या ओतायच्या, आणि मगच नळीत निखारे, ढलप्या आणि करवंट्या टाकायच्या. घरातल्या प्रत्येक पोराला त्यांनी एकच गोष्ट घोकवली होती. "आधी पाणी, मग विस्तव. कोरड्या बंबाला विस्तव दाखवलास तर त्याचे सांधे उकलतील आणि तुझी पाठ मी सोलीन." त्यांची नात चारुता तेव्हा चार वर्षांची होती. ती माझ्या पोटाला गाल लावून उभी राहायची आणि ओरडायची, "आजी, बंब गुरगुरतोय!" मी खरंच गुरगुरायचो. पाणी उकळायला आलं की मला राहवायचं नाही.

मग गीझर आला.

गीझरबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण त्याच्याबरोबर घरात एक बटण आलं आणि बटणाबरोबर भीती आली. "गीझर बंद केलास का?" कुणी बाहेर निघालं की हे. कुणी झोपलं की हे. माझ्या वेळी कुणाला काही बंद करावं लागत नव्हतं. ढलप्या संपल्या की मी आपला आपण निवायचो. असो. मी माळ्यावर गेलो. माळ्यावर माझ्या शेजारी एक मोडका पाळणा होता. त्याच्याकडे बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं. तिथली वर्षं मी सांगत नाही, कारण तिथे काही घडलंच नाही.

चारुता मोठी झाली, इंजिनियर झाली, श्रीनाथ नावाच्या दुसऱ्या इंजिनियरशी तिचं लग्न झालं. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आला तेव्हा ती भोरला आली, माळ्यावर चढली आणि म्हणाली, "हा येणार माझ्याबरोबर." श्रीनाथ खालून ओरडला, "चारु, आपण फ्रिज पण नेत नाहीये!" पण मी गेलो. कंटेनरमधून, समुद्रावरून, रजईत गुंडाळून.

मेलबर्नच्या बंदरावर माझी फार शोभा झाली. तिथल्या अधिकारीबाईंनी माझ्या नळीत टॉर्च मारला आणि आतून चिमट्याने एक अर्धी जळलेली करवंटी बाहेर काढली. जाईबाईंच्या हातची शेवटची! त्यांनी ती पिशवीत सीलबंद केली, जणू खुनाचा पुरावा. मग मला गरम पाण्याच्या फवाऱ्याने आतून-बाहेरून धुतलं. मित्रांनो, आयुष्यभर मी दुसऱ्यांना अंघोळ घातली. मला कुणीतरी घातलेली ती पहिलीच अंघोळ.

मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या घरात मला दिवाणखान्यात मान मिळाला. नळीत वाळलेल्या गवताचे तुरे खोचले. येणारा जाणारा माझ्याबरोबर फोटो काढायचा. एका पाहुण्याने विचारलं, "हे बिअरचं मशीन आहे का?" एक मराठी काका मात्र माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडेही होता. भंगारात दिला." मग त्यांनी चहा निम्मा ठेवला. कौतुक खूप झालं, खोटं कशाला बोलू? पण पोट कोरडंच होतं.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

तीन वर्षांपूर्वी या मंडळींनी वेरिबी सोडलं आणि बॅलनच्या बाहेर, मेंढ्यांच्या कुरणांमध्ये, पाच एकरांवर एक जुनं लाकडी घर घेतलं. कारण चारुताला कढीपत्ता लावायचा होता. वेरिबीत एवढी मराठी, तेलुगू, तमिळ घरं, पण ताजा कढीपत्ता मिळवायचा म्हणजे दुकानदाराशी ओळख लागते. तिने घराच्या मागच्या भिंतीला लागून ग्रीनहाऊस उभारलं आणि एकशेसाठ रोपं लावली. बॅलनला हिवाळ्यात सकाळी गवतावर पांढरं दहिवर गोठतं, आणि कढीपत्त्याला थंडी म्हणजे साक्षात शत्रू. म्हणून ग्रीनहाऊसमध्ये एक छोटा विजेचा हीटर बसवला. थंडी वाढली की तो आपोआप चालू, ऊब आली की आपोआप बंद. त्याची वायर भिंतीतल्या भोकातून घराच्या लाँड्रीत, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत, येत होती.

आणि लाँड्रीत कोण होतं? मी! नव्या घरात दिवाणखाना लहान निघाला, म्हणून माझी रवानगी मागच्या दाराजवळ झाली. माझ्या डोक्यावर भिंतीत तीन बटणं. पहिलं वॉशिंग मशीनचं, दुसरं ड्रायरचं, तिसरं ग्रीनहाऊसच्या हीटरचं.

लाँड्रीला कुणी नाक मुरडू नका. त्या घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणजे चालू ड्रायरचा माथा. बाकी घर इतकं गार की श्रीनाथ माकडटोपी घालून ऑनलाइन मीटिंगला बसायचा आणि कॅमेरा बंद ठेवायचा. त्यामुळे त्यांची मुलगी क्षितिजा शाळेतून आली की थेट ड्रायरवर मांडी ठोकायची. तिथे तिचा अभ्यास, तिथे टोस्ट, तिथेच मैत्रिणीशी तासभर फोन. आधी फार बुजरी होती. नव्या शाळेच्या बसमध्ये पहिले सहा महिने खिडकीला चिकटून बसायची, हे तिनेच फोनवर सांगताना मी ऐकलं आहे. मग एकदा वर्गात भाषण केलं, सगळे हसले, म्हणजे हसायचं तिथेच हसले, आणि तेव्हापासून बाईसाहेब थांबतच नाहीत. लाँड्रीत नाचते, भाषणं देते, माझ्या पोटावर ताल धरते. मला ती फार आवडते. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

गेल्या वर्षीचा जुलै, इथला ऐन हिवाळा. चारुताची बहीण स्वरदा सिडनीला, पॅरामॅटाला राहते. तिच्या बाळाचं बारसं होतं. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाचं विमान. सगळे गाडीत बसले आणि क्षितिजाला आठवलं, चार्जर राहिला. ती धावत आत आली. बाहेर श्रीनाथने हॉर्न दाबून धरला होता.

"क्षितू! विमान आपल्यासाठी थांबणार नाहीये! आणि निघताना बटणं बंद कर!"

"हो बाबा, करते!"

तिने ड्रायरवरून चार्जर उचलला आणि जाता जाता हात फिरवला. खट. खट. खट. तिन्ही. शेवटी निघणाऱ्याने बटणं बंद करायची, हा या घराचा नियम. गीझरपासून चालत आलेला.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते पाणी ओतायला. मी काय करणार होतो?

रविवारी संध्याकाळी सगळ्यात आधी आत आली तीच. पुन्हा हात फिरवला, पुन्हा खट खट खट, आणि गाणं म्हणत चहा टाकायला गेली. मग चारुताने ग्रीनहाऊसचं दार उघडलं. एकशेसाठ रोपं काळी पडून माना टाकून उभी होती. आणि हीटर? हीटर तर चालू होता.

"लहान पडला," चारुता लाँड्रीत येऊन म्हणाली. "मी लहान हीटर घेतला, श्री. तू म्हणत होतास मोठा घे. मीच हट्ट केला."

श्रीनाथ म्हणाला, "अगं, एवढी थंडी कुणाला माहीत होती?" पण ते तिच्या कानावर गेलंच नाही.

त्यानंतर चारुता पूर्वीची राहिली नाही. कामं करायची, हसायची, पण कुणी बागेबद्दल विचारलं की म्हणायची, "मला नाही जमत ते." एका मैत्रिणीला, मग दुसरीला, मग आईला फोनवर. मी रोज ऐकत होतो. वसंतात तिने बियांपासून नवी शंभर रोपं केली, पण स्वतःसाठी नाही. "वेरिबीला सगळ्यांना वाटून टाकीन. त्यांच्याकडे जगतील."

या वर्षी एप्रिलपासून घरात एकच विषय होता. हीटिंग! श्रीनाथने लॅपटॉपवर असा तक्ता केला की तो बघायला मान दोन्हीकडे फिरवावी लागे. एक पर्याय, घराबाहेर हवेतली ऊब ओढून घेणारा मोठा हीट पंप आणि तिथून घराला आणि ग्रीनहाऊसला गरम पाण्याचे पाइप. दुसरा, गॅसच्या मोठ्या बाटल्या. तिसरा शेजारच्या ग्लेनचा. ग्लेनच्या चारशे मेंढ्या आहेत आणि प्रत्येक गोष्टीवर त्याचं एकच उत्तर असतं. "लाकूड, मेट! तुझ्या जमिनीवर पडलंय, नुसतं उचलायचं."

"आणि फोडायचं कोणी?" श्रीनाथने विचारलं.

"तू," ग्लेन म्हणाला. त्यामुळे तिसरा पर्याय तक्त्यात खाली गेला.

शेवटी चारुताच म्हणाली, "एवढं मोठं काही नको. घरापुरतं घेऊ. ग्रीनहाऊस मोडून टाकू. ग्लेनला सांगाडा हवाय, थंडीतल्या कोकरांसाठी."

"चारु, नक्की?"

"नक्की. शनिवारी हीटिंग कंपनीचा माणूस येतोय ना, त्याला सांग. फक्त घर."

ड्रायरवर बसलेल्या क्षितिजाने टोस्ट खाली ठेवला. "आई, सिरियसली? मोडायचं?"

"हो गं. माझ्याच्याने नाही होत ते."

मे महिन्यातला गुरुवार होता तो. शुक्रवारी शाळेतून आल्यावर क्षितिजा ग्रीनहाऊसमधल्या जुन्या कुंड्या रिकाम्या करायला गेली. आईला मदत म्हणून. परत आली ती मातीने माखलेली बोटाएवढी एक वस्तू घेऊन. गेल्या वर्षी शाळेने विज्ञानाच्या प्रकल्पासाठी प्रत्येकाला दिलेलं ते यंत्र होतं. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवून ठेवणारं. तिने ते रोपांमध्ये पुरलं होतं. रोपं गेली तेव्हा तिने प्रकल्पाचा विषयच बदलला आणि ते मातीतच राहिलं. तिने ते पुसलं, लॅपटॉपला जोडलं आणि ड्रायरवर बसली.

पडद्यावर एक रेघ आली. करवतीच्या दात्यांसारखी, वर-खाली, वर-खाली.

"ओह! हा तर हीटर!" ती मोठ्याने म्हणाली. "चालू, बंद, चालू, बंद. किती क्यूट!" मग तिने हवामान खात्याच्या साइटवरून त्या दिवसांची थंडी काढली. बाहेर उणे तीन, तरी आत नऊ. ती ओरडलीच, "पण मग हीटर पुरत होता!" आणि बोटाने रेघ पुढे सरकवली. गुरुवार. शुक्रवार. शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी दाते संपले. रेघ सरळ खाली, खाली, खाली. रविवारी संध्याकाळी दाते पुन्हा सुरू.

हळूच तिने मान वळवली आणि माझ्या डोक्यावरच्या तिसऱ्या बटणाकडे बघितलं. उतरली. बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही. नुसतं ठेवलं. हाताला आठवलं होतं.

मग ती माझ्या शेजारी फरशीवर बसली आणि माझ्या पोटाला गाल लावला. तिच्या आईसारखाच. मी थंडगार होतो. मला कधी एवढी लाज वाटली नव्हती गार असल्याची.

ती सांगेल का? कुणाला काही कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं. यंत्र पुन्हा मातीत टाकलं की झालं! उद्या दुपारी दोन वाजता तो माणूस येणार, सह्या होणार, आणि रविवारी ग्लेन आपला छोटा ट्रक घेऊन सांगाडा न्यायला. तिने यंत्र खिशात घातलं आणि गेली. मला काहीच अंदाज येईना.

शनिवारी सकाळी चारुता कपड्यांची टोपली घेऊन लाँड्रीत आली. मागोमाग क्षितिजा.

"आई, मशीन नंतर लाव. दोन मिनिटं."

"काय झालं? शाळेत काही केलंस का?"

"शाळेत नाही." तिने लॅपटॉप ड्रायरवर ठेवला. "हे दाते दिसतात ना, हा तुझा हीटर. बाहेर मायनस तीन होतं तेव्हासुद्धा आत नऊ. आई, तो लहान नव्हता. परफेक्ट होता."

"मग इथे काय झालं? वीज गेली होती?"

"वीज नाही गेली. आपण गेलो. बारशाला." तिने तिसऱ्या बटणाकडे बोट दाखवलं. "चार्जर आणायला मी आत आले होते. जाताना मी तिन्ही बटणं बंद केली. आणि आल्यावर मीच लावली. मला आठवतही नव्हतं, आई, शपथ. काल हे बघितलं तेव्हा आठवलं. तुझी रोपं मी मारली."

चारुता पडद्याकडे वाकली. बोटाने ती रेघ परत मागे नेली. दाते मोजल्यासारखी बघत होती.

"म्हणजे," ती अगदी हळू म्हणाली, "मी नाही मारली?"

"नाही! तू सगळं बरोबर केलं होतंस!"

"दहा महिने, क्षितू. दहा महिने मी..." आणि ती टोपलीवरच बसली. कपड्यांवर. रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही. मग एकदम मान वर करून म्हणाली, "गाढवे! एकशेसाठ रोपं!"

"सॉरी, आई. खूप सॉरी."

"गाढवे!" पण तिने लेकीला ओढून जवळ घेतलं होतं.

तेवढ्यात श्रीनाथ माकडटोपी घालून दारात आला. "काय चाललंय? कोणी पडलं का?" त्याला सगळं सांगितलं. त्याने रेघ बघितली, टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

"हॉर्न मी वाजवत होतो," तो म्हणाला. "बटणं बंद कर असंही मीच ओरडलो."

"एवढंच नाही," क्षितिजा नाक पुसत म्हणाली. "गाडीत परत विचारलंस, बंद केलीस का. मी म्हटलं, सगळी. तर तू म्हणालास, शाब्बास."

"शाब्बास म्हणालो?"

"शाब्बास."

दुपारी कंपनीचा माणूस आला. स्वयंपाकघरातून त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. घरासाठी दोन खोल्यांपुरते साधे हीट पंप ठरले, छताला आणि फटींना चांगलं आच्छादन ठरलं. "आणि ग्रीनहाऊस मोडताय ना?" त्याने विचारलं. चारुता म्हणाली, "नॉट एनीमोर!" तिचा तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. ग्रीनहाऊसला तोच छोटा हीटर राहिला, आणि वाटून टाकायची ती शंभर रोपंही तिथेच राहिली. श्रीनाथला तिसऱ्या बटणावर चिकटपट्टी लावायची होती. क्षितिजा म्हणाली, "नको, बाबा. मी आहे ना."

रविवारी ग्लेन सांगाडा न्यायला आला आणि उलट सहा रिकामी निळी पिंपं देऊन गेला. पाणी भरून ती रोपांमध्ये ठेवायची. दिवसा ऊन पितात आणि रात्री ऊब सोडतात. चहा पिताना त्याची नजर माझ्यावर पडली. "हा म्हातारा कोण?" चारुताने माझं काम समजावून सांगितलं. ग्लेनने माझ्याभोवती एक चक्कर मारली, झाकण उघडलं, तोटी फिरवली आणि विचारलं, "मग हा कामाला का नाही?"

पुढच्या वेळी येताना त्याने खिशातून एक रबरी चकती आणली आणि माझी गळकी तोटी दुरुस्त केली. बस, एवढंच. पण मी त्या दिवसापासून वाट बघू लागलो.

फार वाट बघावी लागली नाही. जूनमधल्या एका शनिवारी दुपारी असा वारा सुटला की रस्त्यावरचा मोठा निलगिरी तारांवर कोसळला. तीन वाजता वीज गेली. फोनवर निरोप आला, उद्या सकाळपर्यंत येणार नाही. वारा थांबला, आकाश स्वच्छ झालं. म्हणजे दहिवर नक्की. आणि दोन दिवस ढगाळ होते, त्यामुळे पिंपंही गारच.

"जनरेटर घ्यायला हवा होता," श्रीनाथ म्हणाला. "माझ्या तक्त्यात होता तो."

"तक्ता पेटव मग!" चारुता म्हणाली. ती खरंच घाबरली होती. शंभर रोपं, तळहाताएवढी.

क्षितिजा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, यात आधी काय? पाणी ना?"

चारुता थबकली. "आधी पाणी," ती म्हणाली. "मग विस्तव."

मला तिघांनी उचलून बाहेर पागोळीखाली ठेवलं. ग्रीनहाऊसच्या आत नाही. बंद जागेत विस्तव माणसाचाही जीव घेतो, हे चारुताने मुलीला बजावून सांगितलं. अंगणातल्या टाकीवरून पाण्याच्या बादल्या आल्या. पंचवीस वर्षांनी माझ्या पोटात पाणी पडलं, मित्रांनो! मग नळीत निलगिरीच्या साली, पाइनची बोंडं आणि वर ग्लेनच्या ढलप्या. धूर सरळ वर गेला. मी तापलो. आणि मग मला राहवलं नाही.

"आई! बंब गुरगुरतोय!" क्षितिजा किंचाळली.

चारुताने तोंडावर हात ठेवला.

अंधार पडेपर्यंत त्यांनी माझ्याकडून कॅनच्या कॅन भरून घेतले. एक खेप आत, दुसरी भरायची, तिसरी तापायची. रोपांमध्ये गरम कॅन आणि वर जुन्या साड्या. श्रीनाथ लाकडं फोडत होता आणि मधूनमधून म्हणत होता, "ग्लेनला सांगू नका." सकाळी गवत पांढरंफटक होतं. ग्रीनहाऊसमध्ये सहा अंश. सत्त्याण्णव रोपं ताठ उभी होती. तीन रोपांचे शेंडे काळवंडले होते, तेही पुढे फुटले.

उरलेल्या पाण्याने क्षितिजाने अंघोळ केली आणि आतून ओरडली, "ईऽऽ! याला धुराचा वास येतोय!"

"तोच तर वास!" तिची आई बाहेरून म्हणाली.

हल्ली रविवारी मला बाहेर काढतात. अंघोळी होतात, कॅन भरतात, आणि ग्लेनही कधीकधी "म्हाताऱ्याला भेटायला" येतो. बाकीचे दिवस मी लाँड्रीत, माझ्या जागी. मी समाधानी आहे. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरात कुणाकडून ऊब घेत असाल, तर त्याच्या पोटात पाणी आहे ना, ते आधी बघा. मग तो बंब असो, झाड असो, नाहीतर आई. आणि एखादं बटण बंद करताना ते कुणाचं आहे, एवढं आठवा.

परवा शुक्रवारी पॅरामॅटाच्या बाळाचा पहिला वाढदिवस होता. तेच साडेसहाचं विमान. सगळे गाडीत, आणि क्षितिजा धावत आत. या वेळी हेडफोन. बाहेर हॉर्न. तिने पहिलं बटण बंद केलं. खट. दुसरं. खट. मग हात थांबला. तिने मागच्या दाराच्या काचेतून ग्रीनहाऊसमध्ये एकदा डोकावून पाहिलं, हिरव्यागार शेंड्यांकडे, आणि जाता जाता माझ्या पोटावर दोन थापा मारल्या.

"क्षितू, बटणं बंद केलीस का?"

"एक सोडून सगळी!"

आणि बाहेरून दोन आवाज एकदमच आले, "शाब्बास!"